डावीकडं जरा

वाळवंटात अंधार आयता मिळाला होता.
जैसलमेरच्या पुढे, वाऱ्यानं कोरलेल्या कातळापाशी
तिपाई रोवली, झडप उघडली,
आणि आकाशगंगा आपणहून येऊन टेकली
दगडाच्या खोबणीत,
घरचं माणूस पाटावर बसावं तशी.
मला काही करावंच लागलं नाही.
ते फोटो लोकांना आवडले. मला नाही.

अंधेरीत अंधार फक्त नावात.
कार्तिकातली अवस, सातव्या मजल्यावरची गच्ची,
समोर गिल्बर्ट हिल:
साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वितळून वर आलेला
आणि निवता निवता उभा चिरत गेलेला काळा दगड.
दगडाच्या डोक्यावर गावदेवी,
गावदेवीच्या डोक्यावर ट्यूबलाइट.
ती प्रत्येक फोटोचा एक कोपरा जाळते.
देवीला कुणी सांगायचं, मालव म्हणून.

तीस सेकंद. खट्.
तीस सेकंद. खट्.
हवा तांबूस, पातळ वरणासारखी,
तिच्या तळातून एकेक तारा काढायचा.
ध्रुव इथे फार वर नसतो, एकोणीस अंश,
म्हणजे नेमका टेकडीच्या खांद्यावर.
डोळ्यांना दिसत नाही.
कॅमेऱ्याला दिसतो, हट्ट धरल्यावर.
मधूनच एखादं विमान चौकट उभी फाडत जातं.
त्या रेघा मी रविवारी पुसत बसणार आहे,
तांदळातले खडे काढावेत तशा.

साडेतीनला दुर्गव्वा कुसाळकर वर आल्या
पंपाचं बटण दाबायला.
सोसायटी त्याचे त्यांना महिना नऊशे देते.
टाकीत पाणी कोसळू लागलं, गच्ची थरथरली,
चार फोटो गेले.

"कशाचं काढतीस? हितं काय बी न्हाई."

मी कालच्या रात्रीचं फोनवर दाखवलं:
दोनशे चौदा चौकटी एकावर एक रचलेल्या,
ताऱ्यांची वर्तुळं, मधे न हलणारा एक ठिपका.
त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला,
फोन नाकापाशी नेला.
ठिपक्याकडे बघितलंही नाही.
डावीकडची मोकळी जागा नखानं खरवडली,
काचेवर मळ बसलाय असं वाटून.

"आन् हितला डोंगर?"

शर्मिष्ठा तिथे मावळत होती.

"ह्यो तुजा तारा हाय न्हवं, ह्येच्या बी वर.
तितं मालक दोराला लटकून भोकं पाडायचा सुरुंगाची.
मी खाली खडी फोडायची, थोरली पाटीत निजल्याली.
शिट्टी झाली की समद्यांनी पळायचं.
मग धाड. मग धुरळा.
मग पुन्ना येऊन जेवाया बसायचं,
भाकरी झटकून."

दोर तुटला का, हे मी विचारलं नाही.
"खोकल्यानं ग्येला," त्या आपणच म्हणाल्या.

वाळवंटातल्या कातळाला वारा कोरतो, फुकट.
इथलं आकाश रोजंदारीवर कोरलेलं.
तो दगड आता कुठल्या रस्त्याखाली असेल,
कुठल्या जोत्यात, किंवा ह्याच गच्चीत,
माझ्या तिपाईच्या तीन पायांखाली.
तो जागेवर असता
तर शर्मिष्ठेचा उजेड इतकी वर्षं चालून
पलीकडच्या अंगाला थडकला असता,
आणि मी म्हटलं असतं, इथून तारे दिसत नाहीत.

"डावीकडं घे जरा," दुर्गव्वा म्हणाल्या,
"त्येची जागा यिऊ दे."

मी स्क्रू सैल केला. डोकं फिरवलं.
ध्रुव चौकटीबाहेर गेला.

टाकी अजून अर्धीच भरली होती.
त्यांनी पंप बंद केला
आणि बटणावर बोट ठेवून उभ्या राहिल्या,
तीस सेकंद,
श्वाससुद्धा हळू घेत.